शून्य फीचा हिशेब

पुण्यात इंजिनिअरिंगचे तिसरे वर्ष लागले की बरीच मुले-मुली संध्याकाळी आणखी एक वर्ग लावतात. कोणी बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात जाते, कोणी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, कोणी कोथरूड-चिंचवडच्या खासगी क्लासला. तिथे ‘डेअर, डी, दास’ची घोकंपट्टी चालते आणि मधल्या सुट्टीत एकच विषय असतो: जर्मनी. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्यापासून हा देश पुण्याच्या मुलांना परका वाटत नाही. त्यात आता बाकीची दारे अरुंद झाली. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत न्यायची परवानगी काढून घेतली. अमेरिकेच्या वकिलातींनी २०२५ च्या मे महिन्यात नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबवले आणि असंख्य घरांतल्या बॅगा भरायच्या राहिल्या. या सगळ्यात जर्मनीबद्दलचे एक वाक्य प्रत्येक कन्सल्टंटच्या पाटीवर कायम राहिले: तिथे फी लागत नाही.

२०१८-१९ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत साडेवीस हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात तो आकडा ५९ हजारांच्या पुढे गेला. दरम्यान २०२२-२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले आणि जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा ठरला. इतक्या वेगाने एखाद्या देशाकडे लोंढा वळतो तेव्हा अनुभव मागे पडतो आणि ऐकीव माहिती पुढे धावते. तेच झाले आहे.

फी नसते हे बहुतांशी खरे आहे. पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह, म्हणजे वाहन अभियांत्रिकीची पंढरी, याच राज्यात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून मास्टर्सच्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला ४ ते ६ हजार युरो लावले. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत सत्राची वर्गणी सोडली तर खरोखरच काही भरावे लागत नाही. मात्र विद्यापीठ जे मागत नाही ते बाकी सगळी व्यवस्था मागते, आणि त्यातला मोठा भाग पैशांत मोजता येत नाही. निघण्याआधी हे कोणी नीट मांडून सांगत नाही, याची मला चीड आहे. विशी-बाविशीच्या मुलांना अर्धे सत्य विकले जाते आणि उरलेले अर्धे त्यांना नोव्हेंबरच्या अंधारात, एकट्याने, स्वतः शोधावे लागते.

पहिला हिशेब घरातच सुरू होतो. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडावे लागते. त्यात वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात यायचे. २०२४ च्या अखेरीस युरो ९० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम पावणेअकरा लाखांच्या घरात जायची. २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली. १०३ च्या भावाने तेच खाते सव्वाबारा लाखांचे झाले. जर्मनीने एक सेंटही वाढवला नाही आणि घरचा आकडा दीड लाखाने वाढला. ज्या घरात बाबांच्या पीएफला हात लावून किंवा गावाकडची जमीन गहाण टाकून पैसे उभे केले आहेत, तिथे हा दीड लाख आयत्या वेळी कुठून आणायचा?

त्याच्याही आधी एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रे दिल्लीतल्या जर्मन दूतावासाच्या शैक्षणिक तपासणी विभागाकडून खरी ठरवून घ्यावी लागतात. ते प्रमाणपत्र नसेल तर व्हिसाचा अर्जच पुढे सरकत नाही. खोट्या गुणपत्रिकांमुळे ही चाळणी आली आणि प्रामाणिक मुलांच्या वाट्याला आणखी एक रांग आली. शिवाय जुलै २०२५ पर्यंत एक सोय होती: व्हिसा नाकारला गेला तर तो नाकारणाऱ्या कार्यालयाकडेच लेखी फेरविचार मागता यायचा. जर्मन परराष्ट्र खात्याने ती जगभर बंद केली. आता नव्याने अर्ज करायचा नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचे. साध्या घरातल्या मुलासाठी दुसरा पर्याय असून नसल्यासारखा.

गुणांचे रूपांतर हा प्रकारही पोरांना चकवतो. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या पट्टीवर बसवायला ‘बव्हेरियन फॉर्म्युला’ वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे, एक मिळवायचा. दहापैकी आठ सीजीपीए असेल आणि पासिंग चारला असेल तर उत्तर येते २.०. पासिंग पाचला धरले तर तोच विद्यार्थी २.२ होतो. चुरशीच्या अभ्यासक्रमांत एवढ्याशा फरकानेही अर्ज बाजूला पडू शकतो. विद्यापीठाच्या पत्रावर किमान उत्तीर्ण श्रेणी नेमकी काय लिहिली आहे, हे अर्ज करण्याआधी तपासून घ्यायला फक्त एक चक्कर लागते; ती चक्कर मारायला मात्र कोणीतरी सांगावे लागते.

*

खरी परीक्षा घरापासून सुरू होते. म्हणजे राहायच्या घरापासून.

पिंपरीचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. कोणा एकाची ही हकीगत नाही, पण दर ऑक्टोबरात ती शेकडो मुलांच्या बाबतीत घडते. मुलगा फ्रँकफर्टला उतरतो, तिथून रेल्वेने विद्यापीठाच्या गावी जातो आणि कुणा सीनिअरच्या खोलीत गादी टाकतो. नियम असा की घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. या नोंदणीला तिथली सगळी मराठी मुले ‘अनमेल्डुंग’च म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. सीनिअर स्वतःच पोटभाडेकरू असेल तर असा कागद मिळत नाही. पत्ता नाही म्हणून कराचा क्रमांक येत नाही, क्रमांक नाही म्हणून पार्टटाइम नोकरी अडते, काही बँका खाते उघडायला का-कू करतात, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातले काम खोळंबते. आणि घर शोधायला जावे तर मालक विचारतो: पगाराच्या पावत्या दाखवा, पूर्वीच्या व्यवहारांचा पतदाखला दाखवा. परवाच देशात आलेल्या मुलाकडे हे असणार कुठून?

विद्यार्थी वसतिगृहे आहेत, स्वस्त आहेत, चांगली आहेत. पण मोठ्या शहरांत त्यांची प्रतीक्षायादी काही सत्रांची असते. खासगी बाजारात म्युनिकला सामायिक घरातल्या एका खोलीला ७००-८०० युरो सहज पडतात. त्यावर अनामत, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचे मूळ भाडे. आता महिन्याचे ९९२ युरो समोर ठेवा. त्यातून सक्तीच्या आरोग्य विम्याचे १४० च्या पुढे गेले. खोलीचे साडेसातशे गेले. उरलेल्या शंभरात महिनाभर जेवायचे, फोन भरायचा आणि थंडीचा कोट घ्यायचा. केमनिट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या गावांत भारतीय मुले एवढ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. तिथे खोली निम्म्याहून कमी भाड्यात मिळते.

या टंचाईवर फसवणुकीचा धंदा पोसला आहे. सुंदर फ्लॅट, रास्त भाडे, मालक म्हणतो मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल. किल्ली येत नाही. पुण्यात बसून घाईघाईने खोली पक्की करणारी मुले या जाळ्यात अलगद सापडतात, आणि अनेकजण घरी सांगतच नाहीत, कारण पैसे बाबांचे होते.

पत्ता एकदाचा नोंदला की पत्रे येऊ लागतात. जर्मनी हा अजूनही टपालाचा देश आहे. पहिल्या काही पत्रांतले एक हमखास सार्वजनिक प्रसारण वर्गणीचे असते: दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन कळत नाही, तरी भरायचे. मात्र एका घरात चौघे राहत असतील तर एकाने भरले की पुरते. ही दुसरी ओळ कळली नाही म्हणून एकाच घरातली मुले वेगवेगळी वर्गणी भरत बसतात. काहीजण पत्र जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि मग दंडासह वसुलीची नोटीस येते. कागद जर्मनमध्ये, मुदत छापलेली, फोन उचलणारा माणूसही जर्मन बोलणारा. जर्मनच्या पहिल्या पातळीची, ए-१ ची परीक्षा पास झालेल्या मुलाला त्या पत्रातल्या पहिल्या वाक्याचे क्रियापदही सापडत नाही. ते बिचारे वाक्याच्या शेवटी जाऊन बसलेले असते.

*

अभ्यासाबद्दल आपल्या मुलांना भीती कमी असते. सेमिस्टर पद्धत, सबमिशन, व्हायवा यांतून तावूनसुलाखून ती गेलेली असतात. पण आपल्याकडच्या परीक्षेने त्यांना एक सवय लावलेली आहे आणि तीच तिथे घात करते. विषय राहिला तर एटीकेटी आहे. पुढच्या वेळी काढू. बॅकलॉग क्लिअर करणे ही आपल्या इंजिनिअरिंगची जवळजवळ परंपरा आहे.

जर्मनीतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत एका विषयाला तीन संधी असतात, काही ठिकाणी दोनच. अनिवार्य विषयात शेवटची संधी गेली की तो विषय ‘अंतिमतः अनुत्तीर्ण’ ठरतो, विद्यापीठ नाव काढून टाकते आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. नाव गेले की विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवान्याचा आधार गेला. बाकीचे सगळे विषय उत्तम असले तरी. घेतलेले कर्ज, ब्लॉक्ड अकाउंट, दोन वर्षे, हे सारे एका पेपरवर येऊन टेकते.

आणि हा पेपर कसा असतो? सत्रभर कोणी हजेरी घेत नाही. युनिट टेस्ट नाहीत, इंटर्नलचे हमखास गुण नाहीत, ‘सर, आयएमपी द्या’ म्हणायला सर समोर येत नाहीत. सत्राच्या शेवटी एक लेखी किंवा तोंडी परीक्षा, तिच्यावर सगळे. परीक्षेला बसायचे तर ठरलेल्या मुदतीत स्वतः ऑनलाइन नाव नोंदवायचे. विसरलात तर सत्र गेले. आजारी पडलात तर मुदतीत डॉक्टरचा दाखला द्यायचा, नाहीतर गैरहजेरी म्हणजे एक संधी खर्ची. पहिल्या सत्रात मुले घर शोधत असतात, रात्री गोदामात खोकी उचलत असतात किंवा सायकलवरून जेवणाचे डबे पोचवत असतात, आणि पहिली संधी तिथेच निसटते. दुसऱ्या वेळी मन धास्तावलेले असते. तिसऱ्या वेळेबद्दल काय लिहावे?

या पद्धतीला मी क्रूर म्हणणार नाही. तिच्यात विद्यार्थ्याचा मान आहे. निकालानंतर आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क प्रत्येकाला असतो आणि त्यासाठी रीतसर दिवस ठेवतात. चूक दाखवली तर गुण वाढू शकतात. आपली मुले संकोचाने जातच नाहीत. पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरून महिनोन्महिने वाट बघण्याची सवय असलेल्यांना, समोर बसून विचारता येते यावर विश्वास बसत नाही. जायला हवे. काठावरच्या पेपरात त्या अर्ध्या तासाने एक संधी वाचू शकते.

*

आता भाषेकडे येतो, कारण बाकीच्या बहुतेक अडचणींची दोरी तिथे बांधलेली आहे.

मास्टर्सचे असंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, म्हणून जर्मनची गरज नाही, असे सांगितले जाते. वर्गात नाही, हे खरे. वर्गाबाहेर पाऊल ठेवले की आहे. कायद्याने परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० होती. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास ‘वेर्कस्टुडंट’ म्हणून कंपनीत काम मिळाले तर खर्च भागतो आणि पुढच्या नोकरीची पायरी तयार होते. ते काम बहुतेकदा ज्याला मीटिंगमध्ये जर्मन बोलता येते त्याला मिळते. ज्याला येत नाही त्याच्या वाट्याला गोदाम आणि हॉटेलातली भांडी. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते, त्यामुळे श्रमाची कदर आहे. पण इंजिनिअरिंगच्या बायोडेटावर त्या तासांचा उपयोग होत नाही.

त्यात दिवस मंदीचे. जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आक्रसली. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतली ३५ हजार पदे कमी करायचे ठरवले. सुट्या भागांच्या बड्या कंपन्यांनीही, बॉश आणि झेडएफसह, हजारो पदे कमी करण्याचे जाहीर केले. पुण्या-नाशिकच्या मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलच्या मुलांनी ज्या कंपन्यांच्या भरवशावर जर्मनी निवडली, त्याच या. पूर्वी मास्टर्सचा प्रबंध कंपनीत करायचा आणि तिथेच चिकटायचे, ही ठरलेली वाट होती. आता प्रबंधाची जागा मिळवायलाही शेकडो अर्ज धाडावे लागल्याचे मुले सांगतात. अशा वेळी दोन सारख्या उमेदवारांत निवड करायची झाली तर कंपनी भाषा येणाऱ्यालाच घेणार.

आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी जाणाऱ्यांना आधी जर्मन शिकवायचे, हे गृहीत होते. जो नियम इलेक्ट्रिशियनला लागू, तो इंजिनिअरला का नको? माझे मत स्पष्ट आहे: जर्मनची बी-१ पातळी झाल्याशिवाय विमानात बसू नये, बी-२ झाले तर फार उत्तम. त्यासाठी एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. तिथे जाऊन शिकू, असे ठरवणाऱ्यांच्या हातात तिथे शिकायला वेळच उरत नाही.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी याच पुण्यातून मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. साल १९२८. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या प्रवासाला विरोध होता. पती दिनकर पाठीशी उभे राहिले आणि जीवराज मेहतांकडून मिळालेल्या कर्जावर त्या निघाल्या. म्हणजे कर्ज काढून जर्मनीला जायची रीत काही आजची नाही. तिथे मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले. वंशाचा आणि त्या असममितीचा संबंध सापडावा अशी प्राध्यापकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंना तो सापडला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याला पदवी देणाऱ्या माणसाच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडणे काय असते, याची कल्पना आज तिथे शिकणाऱ्यांनाच येईल. प्राध्यापकाला ‘हे मला पटत नाही’ म्हणणे आमच्या मुलांना अजून जड जाते, आणि तिथले सेमिनार नेमके त्याच वाक्याची वाट पाहत असतात.

*

एकटेपणाबद्दल घरोघरी फार कमी बोलले जाते. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. रविवारी दुकाने बंद असतात आणि इमारतीत शांतता पाळायची असते. कुकरची शिट्टी झाली तरी शेजारी दार वाजवू शकतो. घरून फोन येतो, आई विचारते, “जेवलास का रे?” आणि तो म्हणतो, “हो गं, सगळं मस्त आहे.” पलीकडे आईलाही बरेच काही सांगायचे नसते: हप्त्याचे, बाबांच्या रक्तदाबाचे. दोन्हीकडून जपण्यापोटी खोटे बोलले जाते. जुलै २०२४ मध्ये परराष्ट्र खात्याने लोकसभेत सांगितले की मागच्या पाच वर्षांत परदेशांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यातले २४ जर्मनीत. अपघात, आजारपण, सगळी कारणे त्यात आली. आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. पण नापास झालेले, फसवले गेलेले, न जेवता झोपलेले मूल हे सारे घरी बोलू शकते का, हे त्या घरानेच तपासायला हवे. विद्यापीठांच्या विद्यार्थी सेवा संस्थांत मोफत समुपदेशन मिळते, अनेक ठिकाणी इंग्रजीतही. तिथे जाण्याने व्हिसावर काहीही परिणाम होत नाही, हे पालकांनी स्वतः मुलांना सांगावे.

पूर्वेकडच्या स्वस्त गावांची दुसरी बाजूही आहे. केमनिट्झमध्ये २०१८ साली स्थलांतरितविरोधी दंगल झाली. माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात २० डिसेंबर २०२४ ला गाडी घुसवून हल्ला झाला, त्यात भारतीयही जखमी झाले, आणि नंतरचे दिवस सावळ्या चेहऱ्याच्या प्रत्येकाला धाकधुकीचे गेले. तरीही याच गावांतली विद्यापीठे परदेशी मुलांना मनापासून सांभाळतात, हेही तितकेच खरे. गावाला ही मुले हवी आहेत आणि गावातल्या काहींना नको आहेत; दोन्हींमधून रोज ट्रामने जायचे असते. इथे मराठी मंडळांचे गणपती, सीनिअर्सचे व्हॉट्सॲप ग्रुप आणि कुणाच्या तरी खोलीतले रविवारचे पिठले-भात उपयोगी पडतात. खोली मिळवून देणे, पत्र वाचून दाखवणे, कार्यालयात सोबत जाणे, ही कामे आज तिथे मुलेच मुलांसाठी करत आहेत, फुकट, आणि स्वतःचा अभ्यास सांभाळून.

पदवी मिळाली की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. इकडे बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, काही ठिकाणी सहा महिन्यांनीच. म्हणजे परवान्याचे निदान सहा महिने शिल्लक असतानाच घरून हप्ता जायला लागतो, आणि घाबरलेला मुलगा मिळेल ते काम धरतो, मग ते शिक्षणाशी संबंधित असो वा नसो. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मॅनेजरला विचारता येते: सवलतीचा काळ किती, तो वाढतो का, नोकरी लागेपर्यंत फक्त व्याज भरले तर चालेल का? आणि परत यायचे ठरलेच, तर चाकण-रांजणगावच्या जर्मन कंपन्यांना तिथली पद्धत माहीत असलेला, मुख्यालयाशी त्यांच्या भाषेत फोनवर बोलू शकणारा इंजिनिअर हवाच असतो. तो पगार रुपयांत येतो, पण हप्ताही रुपयांतच असतो.